ओबो पेटीत ठेवल्यावर

ओबोची पत्ती एकदा तळहातावर घेऊन निरखावी. जेमतेम सात सेंटिमीटरांची ही वस्तू. खाली बुचाचं वेष्टन ल्यालेली धातूची अरुंद नळी, तिच्यावर नळाच्या जातीच्या गवताची दोन पाती समोरासमोर ठेवून दोऱ्याच्या सलग वेढ्यांनी आवळलेली, आणि वर, जिथे पाती ओठांना भेटतात तिथे, ती तासून तासून इतकी तलम केलेली की दिव्यासमोर धरली तर मधला कणा गडद आणि कडा सोनेरी दिसाव्यात. हे गवत दक्षिण फ्रान्समधल्या वार परगण्याचं फार नावाजलेलं. कापून, वाळवून, मुरवून ते वादकापर्यंत येतं आणि मग वादक स्वतः सुरी घेऊन बसतो. ओबोवादकाच्या आयुष्यातले कितीतरी तास वाजवण्यात नव्हे, तर पत्ती तासण्यात जातात. केसभर जास्त खरवडलं गेलं की स्वर ढिला पडतो, केसभर कमी पडलं की तो हट्टी होतो. आणि एवढ्या कष्टांनी साधलेली पत्ती थोड्याच दिवसांत थकते. ओबोचा तो किंचित अनुनासिक, आर्त आणि तरीही उजळ स्वर ह्या दोन पात्यांमधल्या चिंचोळ्या फटीत जन्मतो. आपण सभागृहात दूर बसून ज्या स्वरावर जीव टाकतो त्याचं सगळं भवितव्य एवढ्याशा जागेत मावलेलं आहे, हे एकदा उमगलं की आपलं ऐकणंच बदलून जातं.

ह्या पत्तीला चालणं सोसत नाही. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांमधून उन्हाळ्याच्या अखेरीस मार्चिंग बँडची शिबिरं भरतात, फुटबॉलच्या मैदानावर मुलं रांगा धरून उभी राहतात, आणि तिथे ओबो वाजवणाऱ्या मुलासमोर एक प्रश्न येतो, जो तुतारी किंवा ढोल वाजवणाऱ्याला कधी पडतच नाही: आता हातात काय घ्यायचं? मैदानावरची चाल मोठी शिस्तीची असते. दर पाच यार्डांवर आखलेली पांढरी रेघ आणि दोन रेघांमध्ये बरोबर आठ पावलं, म्हणजे प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचं. टाच आधी टेकवून तळवा अलगद पुढे लोळवायचा, म्हणजे धक्का कमरेच्या वर चढत नाही. तरीही ओबोला तो पोचतोच. दातांवर दुमडलेल्या ओठांमध्ये धरलेली ती पत्ती एका ठेचेसरशी टवकते, किंवा टाळूत रुतते. शिवाय ओबोचं लाकूड आफ्रिकन ब्लॅकवुडचं, आपल्या शिसवाच्याच गोतातलं, घट्ट, काळंभोर, तेलकट तुकतुकीचं. आतून उष्ण दमट श्वास आणि बाहेरून ऑक्टोबरच्या रात्रीची कोरडी थंडी अशा कात्रीत ते सापडलं की त्याला चीर जाते. म्हणून ओबो पेटीत राहतो, फुटबॉलचा हंगाम सरून सभागृहातले कार्यक्रम सुरू होईपर्यंत.

ह्या प्रश्नाकडे सगळे जण अडचण म्हणून पाहतात. मला त्यात एक दुर्मीळ सौंदर्य दिसतं, आणि ते आपण सावकाश पाहावं अशी इच्छा आहे. वादकाच्या हातून त्याचं वाद्य काढून घेतलं तर त्याच्यापाशी काय उरतं? बोटं उरतात, त्यांच्या सवयींसकट. श्वास उरतो, वर्षानुवर्षं एका विशिष्ट वळणाने घडवलेला. आणि कान उरतो. मैदानासाठी जे वाद्य तो निवडतो, ते ह्या तिघांपैकी कुणाला तरी आसरा देतं. कुठलं वाद्य कुणाला जवळ करतं हे पाहता पाहता ओबोची ओळख जितकी पटते, तितकी ओबो ऐकतानाही पटत नाही.

बोटांपासून सुरुवात करू. ओबोवर डाव्या हाताची पहिली तीन बोटं ठेवली की 'जी' हा स्वर निघतो. उजव्या हाताची तीन बोटंही त्यांना मिळाली की 'डी'. सॅक्सोफोन हातात घ्यावा आणि तीच तीन बोटं ठेवावीत: कागदावरचा तोच 'जी'. सहा ठेवावीत: तोच 'डी'. ओबोवादक मूल पहिल्यांदा सॅक्सोफोन उचलतं तेव्हा ओठ बावरतात, जबडा बावरतो, पण बोटं मात्र आपल्याच घरात वावरावं तशी हिंडू लागतात. ह्याचं कारण नळीच्या आकारात दडलेलं आहे. दोन्ही वाद्यांची पोकळी शंकूसारखी, वर अरुंद आणि खाली रुंदावत जाणारी. अशा पोकळीत फुंक वरच्या सप्तकात चढते तेव्हा स्वर बरोबर दुप्पट उंचीवर जातो, म्हणून खालच्या सप्तकातली बोटं वरच्या सप्तकात बहुतांशी तशीच चालतात. सनईचीही पोकळी शंकूचीच.

पण ह्या साम्याच्या पोटात एक नाजूक भेद आहे, आणि मला तो साम्याहून रुचतो. ओबोवर मधल्या 'डी'पाशी येताना डाव्या तर्जनीला एक खास काम असतं. तिने आपलं छिद्र पुरतं उघडायचंही नाही आणि मिटायचंही नाही. किंचित कलून ते अर्धं उघडायचं. एवढ्या कलण्याने स्वर वरच्या सप्तकात प्रवेश करतो. त्याहून वर गेलं की अंगठ्याची चावी, आणखी वर गेलं की तर्जनीच्या कडेची चावी, अशी सप्तकाच्या जिन्यावर तीन वेगवेगळी दारं. सॅक्सोफोनवर हे सगळं डाव्या अंगठ्याखालच्या एकाच चावीत सामावलेलं. तिच्यामागचं यंत्र कुठलं भोक केव्हा उघडायचं हे स्वतःच ठरवतं. ओबोतून आलेल्या मुलाची तर्जनी मात्र पुढचे कित्येक दिवस 'डी'पाशी येऊन हलकेच कलत राहते. त्या कलण्याचा सॅक्सोफोनला काही उपयोग नसतो. कवायतीच्या रांगेत उभ्या असलेल्या शंभर मुलांत हा मूळचा ओबोवाला, हे ओळखणारा रसिक ओळखतो तो त्या एका बोटावरून.

कानाची गंमत निराळी. ओबोवर लिहिलेला स्वर आणि निघणारा स्वर एकच असतो. मार्चिंग बँडमध्ये बहुधा हाती येणारा आल्टो सॅक्सोफोन मात्र 'सी' लिहिला की खालचा 'ई फ्लॅट' ऐकवतो. पाश्चात्त्य पद्धतीत वाढलेल्या, स्वराची नेमकी उंची मनात कोरून ठेवलेल्या मुलाला हा मोठा धक्का असतो. डोळा एक वाचतो आणि कान दुसरंच ऐकतो. आपल्याला ह्यात बिचकण्यासारखं काही वाटणार नाही. कुणी काळी एकमध्ये गातं, कुणी पांढरी पाचमध्ये, आणि 'सा' जिथे ठेवावा तिथून सगळी सृष्टी नव्याने मांडली जाते, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात राहणाऱ्या एखाद्या मराठी घरातलं मूल ह्या पेचात सापडलं, तर पेटीवर गाणं शिकलेल्या आजीने त्याला समजावावं. तिच्याइतकं सोपं करून दुसरं कुणी सांगणार नाही.

सॅक्सोफोन आणि ओबो यांच्या नात्यात इतिहासाने एक हळवी गाठ मारून ठेवली आहे. बेल्जियममधल्या दिनाँ गावी १८१४ साली जन्मलेला अॅडॉल्फ सॅक्स पॅरिसला आला, तेव्हा फ्रेंच सैन्याच्या बँडची अवस्था खालावलेली होती. एप्रिल १८४५ मध्ये शाँ द मार्सच्या विस्तीर्ण मैदानावर दोन बँड समोरासमोर उभे केले गेले: एक जुन्या रचनेचा, ज्यात ओबो आणि बसून (bassoon) ही वाद्यं होती, आणि दुसरा सॅक्सच्या रचनेचा, ज्यात ती नव्हती. लोकांचा कौल सॅक्सला मिळाला. त्याच वर्षी सरकारी हुकूम निघाला आणि पायदळाच्या बँडमधून ओबोला रजा मिळाली. पुढच्या वर्षी, १८४६ मध्ये, सॅक्सोफोनचं पेटंट झालं. म्हणजे आज मैदानावर ओबोऐवजी सॅक्सोफोन घेणारं मूल नकळत पॅरिसच्या त्या दिवसाचाच निकाल पुन्हा वाचत असतं. मला मात्र त्यात ओबोचा पराभव दिसत नाही. शंकूची पोकळी, नळाच्या जातीच्या पात्याचं कंपन, आणि लष्करासोबत उघड्या आभाळाखाली उभं राहण्याची हिंमत, हे तिन्ही सॅक्सोफोनने उचललं. फक्त दोन पात्यांच्या जागी एक जाड पातं आलं आणि लाकडाच्या जागी पितळ.

दोन पाती राखूनच मैदानात उतरता येईल का, असाही विचार एकाने केला होता. पॅरिसचाच वाद्यकार गोत्रो याने १८५६ साली सारूसोफोन नावाचं वाद्य पेटंट केलं. सारूस नावाच्या एका बँडमास्तरच्या नावावरून त्याचं बारसं झालं. अंग धातूचं, तोंडाशी ओबोसारखी जोडपत्ती. ओबो आणि बसून यांना मैदानावर जो आवाज पुरत नव्हता तो पुरवणारं हे भावंड. त्यातला सर्वांत खर्जाचा सारूसोफोन फ्रेंच ऑर्केस्ट्रांत काही काळ रमलाही, पण ओबोच्या उंचीचा जो होता तो विस्मरणात गेला. संग्रहालयाच्या काचेमागे त्याचं ते सरळ, चाव्यांनी मढलेलं अंग दिसलं, तर आपण दोन क्षण जास्त थांबावं. आजच्या मुलाचा पेच सोडवण्यासाठी कुणीतरी एक आख्खं वाद्यकुल घडवलं होतं, त्याची ती खूण आहे.

आता श्वास. ओबोच्या फटीतून हवा इतकी थोडी जाते की वादकाला दम कमी पडण्याऐवजी जास्त होतो. वाक्य संपतं तेव्हा छातीत शिळी हवा कोंडलेली असते. आधी ती सोडायची, मग ताजी घ्यायची, असा दुहेरी श्वास ओबोवादकाच्या अंगवळणी पडतो. ह्याच गुणामुळे त्याला कमालीची लांब वाक्यं पेलतात. रिखार्ड श्ट्राउसने १९४५ मध्ये लिहिलेली ओबो कॉन्चेर्टो आपण ऐकली असेल. चेलोंची बारीकशी थरथर होते न होते तोच ओबो जो सुरू होतो, तो श्वास घ्यायला जागाच ठेवत नाही; ओळीतून ओळ उगवत राहते आणि ऐकणाऱ्याचाच दम अडकतो. ही रचना सुचली कशी, तर युद्ध संपल्यावर बव्हेरियात आलेल्या जॉन द लान्सी नावाच्या अमेरिकन सैनिकाने वृद्ध श्ट्राउसला विचारलं की आपण ओबोसाठी काही लिहिण्याचा विचार केला आहे का. तो सैनिक एरवी पिट्सबर्गच्या ऑर्केस्ट्रातला ओबोवादक होता. श्ट्राउसने तेव्हा नाही म्हटलं, आणि नंतर लिहिलं.

असा कोंडून घडवलेला श्वास घेऊन मूल जेव्हा बासरीकडे वळतं, पाश्चात्त्य धातूच्या बासरीकडे, तेव्हा होणारा बदल अनुभवण्यासारखा असतो. बोटं इथेही ओळखीची: तीन बोटांना 'जी', सहा बोटांना 'डी'. पण ओठांपुढे अडवणारं काही नाही. जी हवा फटीतून रेटत नेण्यात सगळा जोर लागायचा, ती आता एका काठावरून मोकळी वाहू लागते आणि पाहता पाहता छाती रिकामी होते. पहिल्या दिवशी ओबोवादकाला भोवळ येते ती ह्या मोकळेपणाने. बासरीच्या निम्म्या लांबीची पिकोलो घेतली तर मैदानाचं खरं सुख हाती येतं, कारण लाकडी वाद्यांच्या कुळात तुताऱ्यांच्या गजरावरून उड्डाण करून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारी तीच एक. संगीतकार सूझाच्या १८९६ च्या 'द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर' ह्या मार्चमध्ये शेवटाकडे पिकोलो जी नक्षी काढते, ती आपण लक्ष देऊन ऐकावी. खाली सगळा बँड भारदस्त पावलं टाकत असतो आणि वर ही एकटी, कुणाची परवानगी न मागता, गिरक्या घेत असते. गर्दीतही आपला स्वर वेगळा ऐकू जाण्याची ज्याला सवय आहे अशा ओबोवादकाला हा एकटेपणा सुखवतो. मला स्वतःला विचाराल तर बोटांच्या हिशेबाने सॅक्सोफोन जवळचा, पण वृत्तीच्या हिशेबाने पिकोलो.

क्लॅरिनेट दिसायला ओबोच्या सर्वांत जवळचा, काळा, सरळ, त्याच लाकडाचा. आणि आतून सर्वांत परका. त्याची पोकळी सरळ नळकांड्याची, त्यामुळे फुंक वर चढली की स्वर सप्तक ओलांडून त्याच्याही वरच्या पंचमावर जातो. खाली जी सहा बोटं 'जी' देतात, तीच वर 'डी' देतात. शिकून घेता येतो, पण त्यात स्मृतीचा आनंद नाही. मेलोफोन ह्या पितळी वाद्यात तर ओठच पाती होतात. ओबोच्या कसलेल्या ओठांना तो सर्वस्वी नवा जन्म. काही शाळांत ओबोवादकाला मैदानाच्या कडेला मारिंबा, व्हायब्राफोन यांच्या पंगतीत उभं करतात, आणि जिथे साधनं आहेत तिथे क्वचित मायक्रोफोनसमोर ओबोच देतात. उभं राहून वाजवायचं असल्यामुळे पत्तीला धक्का नाही. सोय उत्तम आहे, पण चालण्याचा रस तिच्यात नाही, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही.

रेंगाळावंसं वाटतं ते झांजांपाशी. ओबोवादकाच्या हातात झांजा दिल्या की बघणारे हळहळतात. एवढा सूक्ष्म कान, आणि त्याला दोन तबकड्या! मला ही निवड फार अर्थपूर्ण वाटते. ऑर्केस्ट्रा स्वर जुळवतो तो ओबोच्या 'ए'वर. मंचावरचा कोलाहल शमतो, ओबो एक स्वर धरतो आणि बाकी सगळे त्याच्याकडे येतात. ज्याला आपल्या स्वरापुढे सगळ्यांना थांबवण्याची सवय आहे, त्याला झांजवाला होऊन स्वतः थांबायला शिकावं लागतं. सोळा-सोळा, बत्तीस-बत्तीस मात्रा नुसत्या मोजत चालायचं आणि नेमक्या क्षणी, चामड्याच्या मुठी घट्ट धरून, दोन कडा किंचित तिरक्या भिडवायच्या. सरळ भिडवल्या तर मध्ये हवा कोंडून आवाज मरतो. त्या तिरकेपणात आणि तर्जनीच्या त्या कलण्यात मला सख्ख्या बहिणींचं साम्य दिसतं.

शिवाय झांज ही जोडपत्तीची जुनी सोबतीण. तुर्की जानिसारी सैन्याच्या मेहतेर पथकात झुर्ना, ढोल आणि झांजा एकत्र चालत. झुर्ना म्हणजे आपल्या सनईची बहीण, शंकूची पोकळी आणि जोडपत्ती असलेली. अठराव्या शतकात ह्याच पथकांचं अनुकरण करून युरोपच्या लष्करी बँडांनी झांजा उचलल्या. आपल्याकडे ही संगत कधी तुटलीच नाही. गोव्यातल्या देवळांत पालखी निघते तेव्हा शणाय पुढे असते आणि कासाळ्यांचा नाद तिला धरून असतो. महाराष्ट्रात वरातीपुढे, पालखीपुढे सनईवाले चालत आले आहेत. त्यांना चालणं कसं साधतं हा प्रश्न आपण विचारायला हवा, कारण पत्ती तर त्यांच्याही तोंडात असते. उत्तर वाद्याच्या अंगातच आहे. सनईची पत्ती रुंद आणि ओठांच्या आत सैल धरलेली; अंगावर चाव्यांचं यंत्र नाही, उघडी छिद्रं आणि बोटांची पेरं. आवाज मोकळ्या हवेसाठीच घडलेला. ओबोने तीनशे वर्षांत पत्ती अरुंद केली, पोकळी बारीक केली, अंगावर चाव्यांची जाळी चढवली, आणि त्या बदल्यात कुजबुजीपर्यंत उतरणारा स्वर मिळवला. चालणं गेलं ते त्या सौद्यात.

कारण ओबोही एके काळी मैदानातच होता. चौदाव्या लुईच्या दरबारात अश्वशाळेच्या खात्याखाली वादकांचा ताफा असे, आणि त्यात ओबोवाले मानाचे. संगीतकार लुलीने राजाच्या मस्केटियर सैनिकांसाठी जे मार्च लिहिले ते त्यांच्यासाठीच. त्या मोकळ्या हवेतल्या ओबोचा परमोत्कर्ष ऐकायचा असेल तर हेंडेलच्या 'म्युझिक फॉर द रॉयल फायरवर्क्स'कडे वळावं. २७ एप्रिल १७४९ रोजी लंडनच्या ग्रीन पार्कात तहाचा आनंदोत्सव झाला, त्यासाठी हे लिहिलं गेलं. दुसऱ्या जॉर्ज राजाचा आग्रह होता की तंतुवाद्यं नकोत, रणवाद्यंच हवीत. हेंडेलच्या हस्तलिखितात ओबोवाले मोजावेत: पहिल्या ओळीला बारा, दुसरीला आठ, तिसरीला चार. चोवीस ओबो! सोबत बारा बसून, नऊ हॉर्न, नऊ तुताऱ्या, नगाऱ्यांच्या तीन जोड्या. आज एका ऑर्केस्ट्रात दोन किंवा तीन ओबो असतात आणि त्यातल्या एकाचा स्वर कानात भरून राहतो. तिथे चोवीस जण एकत्र. त्यातली 'बुरे' ही छोटीशी नृत्यगत मला विशेष प्रिय आहे, कारण तिथे तुताऱ्या, हॉर्न, नगारे सगळे गप्प होतात आणि ओबो-बसून आपापसांत हलक्या पावलांनी नाचून घेतात. एवढ्या दारूगोळ्याच्या उत्सवात हेंडेलला ही जागा सुचावी, आणि ती त्याने ओबोला द्यावी!

हे मूळ रूपात ऐकता येतं ते वाद्यवृंदसंचालक चार्ल्स मॅकेरास यांच्यामुळे. १९५९ च्या एप्रिलात, हेंडेलच्या द्विशताब्दी पुण्यतिथीच्या रात्री, लंडनच्या एका चर्चमध्ये त्यांनी सव्वीस ओबो जमवले. ध्वनिमुद्रण रात्री का, तर निरनिराळ्या ऑर्केस्ट्रांतले इतके ओबोवादक आपापले कार्यक्रम आटोपून मोकळे होणार ते तेव्हाच. ते मुद्रण लावलं की पहिल्याच स्वरसमूहाला आपण सावरून बसतो. एकट्या ओबोतली ती आर्तता सव्वीस जणांत विरून जाते आणि तिच्या जागी एक खरखरीत, उन्हासारखा झळझळीत पडदा उभा राहतो. चौघड्याजवळून सनई ऐकलेल्या कानाला तो ओळखीचा वाटतो. ओबो पेटीत ठेवून मैदानावर निघालेल्या मुलाला कुणीतरी हे मुद्रण जरूर ऐकवावं.

आणि त्याला पर्सी ग्रेंजर यांची गोष्टही सांगावी. ऑस्ट्रेलियात जन्मलेले ग्रेंजर तोवर अमेरिकेत पियानोवादक म्हणून गाजलेले होते. जून १९१७ मध्ये त्यांनी एक सोप्रानो सॅक्सोफोन विकत घेतला आणि ब्रुकलिनच्या फोर्ट हॅमिल्टनला जाऊन तोफखान्याच्या बँडमध्ये साधे बँडवाले म्हणून नाव नोंदवलं. तिथे ते सॅक्सोफोनबरोबर ओबोही वाजवत. त्यांचं गणवेशातलं, सरळ नळीचा सॅक्सोफोन हाती धरलेलं छायाचित्र प्रसिद्ध आहे. सोप्रानो सॅक्सोफोन बहुधा सरळच असतो आणि लांबीलाही जवळजवळ ओबोएवढा, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला क्षणभर भास होतो. बँडच्या आत उभं राहून ग्रेंजर यांनी ह्या वाद्यांचे स्वभाव जाणले. पुढे १९३७ मध्ये त्यांनी 'लिंकनशायर पोझी' लिहिली: लिंकनशायरच्या खेड्यांतल्या गायकांकडून तीस वर्षांपूर्वी बहुतांशी स्वतः टिपून घेतलेली लोकगीतं, बँडसाठी मांडलेली. गीताबरोबर गाणाऱ्याची लकब, त्याचं अडखळणं, त्याचा लहरी ताल हे सगळं त्यांना स्वरलिपीत उतरवायचं होतं.

त्यातला तिसरा भाग, 'रफर्ड पार्क पोचर्स', चोरून शिकार करणाऱ्यांच्या झटापटीचा. हे गीत त्यांना जोसेफ टेलर नावाच्या वयोवृद्ध गायकाकडून मिळालं, आणि त्या टेलर यांचा आवाज १९०८ च्या ध्वनिमुद्रिकेतून आजही ऐकता येतो: वार्धक्यातही निकोप, स्वरांना बारीक मुरड घालत जाणारा. ग्रेंजर यांनी ह्या भागाची दोन रूपं लिहून ठेवली आहेत आणि कुठलं वाजवायचं ते बँडवर सोपवलं आहे. पहिल्यात मधलं एकल गाणं फ्लुगलहॉर्न गातो, मऊ आणि गोलसर. दुसऱ्यात तेच गाणं सोप्रानो सॅक्सोफोनकडे आहे. आधी टेलर ऐकावेत, मग दोन्ही रूपं लागोपाठ. तासलेल्या पात्याची धार, शंकूच्या पोकळीतून उमटणारा तो किंचित अनुनासिक टोक असलेला स्वर, आणि त्यात त्या म्हाताऱ्या गायकाची मुरड दुसऱ्या रूपात जशी जिवंत होते, तशी मला पहिल्यात सापडत नाही. आणि हे गाणं ज्या वाद्याला मिळालं, ते ग्रेंजर १९१७ साली फोर्ट हॅमिल्टनच्या फाटकातून आत नेत होते, तेच.